कारणाचा रकाना

शालनताई,

तुम्ही गेलात त्याला आज सतरा दिवस झाले, आणि दुपारी डबा खाल्ला की मला अजून झापड येते. झोप नव्हे, झापड. शाळा संपून ओवीची गाडी सुटली की पलीकडची पिठाची गिरणी सुरू होते, तुम्ही ठरवून दिलेल्या वेळेलाच. मी मागच्या खोलीत मुलांच्या गाद्यांच्या चळतीला टेकून बसते, ती घरघर भिंतीतून पाठीत उतरते आणि डोळे मिटायच्या आत तुम्ही येता. साडी पोटरीपर्यंत खोचलेली, गळ्यात ते स्टॉपवॉच, पाय पाटाच्या पाण्यात. वर केळीची पानं आणि त्यांच्यातून गळणारं हिरवं ऊन. तुम्ही काही बोलत नाही. माझं मनगट धरता आणि मोजताना बघायचात तसं वर कुठंतरी बघत राहता. मी आकड्याची वाट बघते. तुम्ही आकडा सांगायच्या आत मला जाग येते.

शोकसभेत सगळ्यांनी तुम्हाला मायाळू म्हणून घेतलं. सेवाभावी म्हटलं, मुलांची दुसरी आई म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून चुळबुळ करत होते. तुम्ही कसल्या मायाळू! बारा वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीत काढली आहेत मी. तुम्ही हट्टी होतात, खवट होतात, चहात साखर कमी पडली तर दोन तास बोलायचा नाहीत, आणि एकदा एक गोष्ट डोक्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाहीत. त्या सभेत मला उठून हे सांगायचं होतं. उठले नाही, कारण आवाज फुटला नसता.

फुलपाड्यातल्या आपल्या शाळेत मी आले तो पहिला दिवस आठवतो का? इमारतीच्या तळाला दोन दुकानगाळे एकत्र करून केलेली शाळा, दारात पिवळं पायपुसणं, आणि त्या दारात ठेंगण्या स्टुलावर तुम्ही. मुलं रांगेनं येत होती आणि तीर्थ घ्यायला पुढं करावा तसा एकेक जण हात पुढं करत होता. पंधरा सेकंद नाडी मोजायची, चारनं गुणायचं, वहीत लिहायचं. वहीत तीन रकाने होते: नाव, नाडी, कारण. तिसऱ्या रकान्यात तुमचं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर: ‘पोट साफ नाही’. ‘रिक्षात भांडण’. ‘नवे बूट चावतात’. ‘आज वाढदिवस’. मी नुकती विशेष शिक्षणाची पदवी घेऊन आलेली, पिशवीत रंगीत तक्ते, चमकणाऱ्या चांदण्यांची पाकिटं. मी नाक वर करून विचारलं, “ही शाळा आहे की दवाखाना?”

तुम्ही मान वर न करता म्हणालात, “मन मन म्हनतात ते कुठं टांगलेलं असतं गं? ह्याच मडक्यात ना? मडकं तापलं का आतलं पानी तापनारच. आधी मडक्याला हात लावून बग, मग शिकव काय शिकवायचं ते.”

चाळिशी उलटल्यावर तुम्ही शारीरिक मानसशास्त्रात एमए केलं होतंत. पुस्तकं सगळी इंग्रजी, पण समजावून सांगताना होळी गावातली तुमची वाडी आपोआप त्यात यायची. मेंदूपासून काळजावरून पोटापर्यंत उतरणारी ती लांब नस तुम्ही पालकांना पाटाच्या पाण्यावरून शिकवायचात. श्वास सावकाश सोडला की ती नस काळजाला सांगते, दमानं घे. पाटाचं दार अर्धं लोटल्यावर पाणी कसं हळू होतं, तसं. आया माना डोलवायच्या. मी मागं उभी राहून मनात म्हणायची, झालं, आज पुन्हा केळीला पाणी सुटलं. आता तेच मी पालकांना सांगते, तुमच्याच शब्दांत, आणि मध्येच थांबते.

ओवी आली तेव्हा आठ वर्षांची होती. बोलत नव्हती, अजून बोलत नाही. आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे फडफडवायची, भीती वाटली तरी तेच, आणि रोज साडेअकराच्या सुमारास शेजारच्या मुलाला मारायची. साडेअकरा म्हणजे माझा गणिताचा तास. मी तक्ता केला, दहा दिवसांच्या नोंदी केल्या आणि खाली लाल अक्षरात निष्कर्ष लिहिला: गणित टाळण्यासाठी मारते. किती खूष होते मी त्या तक्त्यावर! तुम्ही तो वाचलात आणि घडी घालून मला परत दिलात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजल्यापासून ओवीच्या शेजारी जमिनीवर बसलात, तिचं मनगट हातात. साडेअकराला नाडी एकदम वर चढली. मी अजून गणिताची पाटी काढलीही नव्हती. तुम्ही उठलात, भिंतीला तळहात लावलात, मग गाल लावलात आणि मला बोलावलंत. “हात ठेव.” मी ठेवला. भिंत थरथरत होती. आपल्याला ऐकूही येत नव्हती अशी गिरणी, आणि ओवीची जागा नेमकी त्या भिंतीला टेकून.

मग तुम्ही गिरणीवाल्या काकांकडे गेलात. ते म्हणाले, “बाई, लोकांचं दळण थांबतंय, तुमच्या एका पोरीसाठी गिरणी बंद ठेवू?” तुम्ही त्यांना आत आणलंत, भिंतीशी बसवलंत, ओवीचं मनगट त्यांच्या पिठाळलेल्या हातात दिलंत. त्या माणसाला मोजता काय येणार होतं? पण त्याला बोटांखाली काहीतरी लागलं. “चिमणी धरल्यासारखं वाटतंय हो,” म्हणाले. तेव्हापासून मोठं जातं शाळा सुटल्यावरच फिरतं. माझा तक्ता मी फाडून टाकला. तुम्ही त्यावरून मला एकदाही डिवचलं नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून मी ओवीवर नव्यानं मेहनत घेतली. तिला शांत बसायला शिकवलं. हात मांडीवर, पाय जमिनीला, दहा अंक मोजेपर्यंत. मग एक चांदणी. दहाचे वीस झाले, मिनिट झालं, पाच मिनिटं झाली. पुढं चांदण्या लागेनाशा झाल्या. दोन वर्षं लागली, पण ओवी वीस मिनिटं मूर्तीसारखी बसू लागली. तिची आई कामणच्या एका गोदामात पॅकिंगला जाते, तिला रजा म्हणजे पगाराला कात्री. त्या दिवशी ती अर्धा दिवस रजा टाकून पेढे घेऊन आली. “मॅडम, जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात तीन तास बसली ओ. कुणी वळून बघितलं नाही. मी पंगतीत बसून जेवले. पाच वर्षांत पहिल्यांदा बसून जेवले.” असं म्हणून ती रडली, मी रडले, तुम्ही पेढा खाल्लात. आणि पेढा खाता खाता ओवीचं मनगट धरलंत.

तुमचा चेहरा तेव्हाच बदलला होता. मी बघितलं होतं, पण बघितलं नाही असं केलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या सत्राचे आराखडे करायला आपण बसलो, तो शुक्रवार. ओवीच्या कागदावर मी लिहिलं होतं, शांत बसणे: वीस मिनिटांवरून चाळीस मिनिटे. तुम्ही ओवीला बोलावलंत, म्हणालात, “बसव हिला.” मी खूण केली. ओवी बसली, हात मांडीवर, नजर समोर, पापणीसुद्धा हलेना. तुम्ही मोजलंत. तेहतीस चोक एकशे बत्तीस. वही माझ्यासमोर धरलीत.

“बसलेलं पोर आहे का हे, मधुरा? ही धावतेय. जागेवर बसून धावतेय. आनि तू तिला चाळीस मिनिटं धावायला लावनार, वर शाबासकी देनार.”

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी भीती वाटली, आणि मग भीती झाकायला राग आला. मी म्हटलं, “जग नाडी बघत नाही ताई. जग हात बघतं. रिक्षावाला हात बघतो, सोसायटीतले लोक हात बघतात, लग्नातले पाहुणे हात बघतात. तिच्या आईला एक घास सुखाचा मिळाला, तो तुम्हाला काढून घ्यायचाय?”

तुम्ही वही खाली ठेवलीत. मग म्हणालात, “घास मिळू दे. पन तो पोरीच्या काळजातनं का काढायचा?” तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलंत. “कारन तू लिही. मी नाय लिहिनार.”

“लिहिणार नाही.”

“मग पान उलटायचं नाय. कारन रिकामं ठेवून पान उलटत नाय, ठाऊक आहे ना नेम?”

मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, उठसूट मनगटं धरायला आपण काय वैद्य आहोत? तुम्ही एकदम हसलात, ते तुमचं सगळा गाळा भरून टाकणारं हसू, आणि बांगड्या मागं सारून स्वतःचं मनगट माझ्यापुढं केलंत. “बरं, मग माझी बग, वैद्यीनबाई. रागानं किती चढली ती तरी सांग.”

मी म्हटलं, “मला वर्ग आहे.” आणि निघून गेले.

वर्ग नव्हता, ताई. गाडी लागायला दहा मिनिटं होती, मुलं झोपाळ्यावर होती आणि मी आतल्या खोलीत आवरलेलंच कपाट पुन्हा आवरत बसले होते. दारातून मला तुमचा हात दिसत होता. थोडा वेळ तो तसाच पुढं राहिला. मग तुम्ही बांगड्या खाली ओढल्यात.

रविवारी दुपारी तुम्ही वाडीच्या पडवीत आडव्या झालात आणि उठला नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, शुक्रवारी कुणी नाडी बघितली असती तर काही कळलं असतं का? ते म्हणाले, बोटांनी असं काही कळत नसतं. मी मान हलवली. पण पंधरा सेकंद तुमचा हात माझ्या हातात राहिला असता, ते तर खरं ना? शाळेतल्या प्रत्येकाची नाडी तुम्ही धरलीत. गिरणीवाल्या काकांची धरलीत, रुसलेल्या बसचालकाची धरलीत. स्वतःची मात्र एकदाच पुढं केलीत, आणि मी कपाट आवरलं.

तिसऱ्या दिवशी मी होळीला आले होते. तुमच्या वाडीतलं बावखल, तुमच्या आजेसासऱ्यांनी पावसाचं पाणी साठवायला खणलेलं ते तळं, एवढं निश्चल कधी बघितलं नव्हतं. काठावर बसले होते. पलीकडं पानवेलींच्या रांगा आणि त्यांच्यामागं कुणीतरी चालतंय असा सारखा भास. नाव घेऊन हाक मारावी आणि तुम्ही “आले गं” म्हणावं, इतकं ते जवळचं वाटत होतं. तुमची सून नीता चहा घेऊन आली. सोबत केळीच्या सुक्या पानात बांधलेलं एक पुडकं. “सुकेळी आहेत, वाडीतलीच केळी सुकवून केलेली. आईंनी शनिवारीच बांधून ठेवली होती. म्हनाल्या, सोमवारी नेते मधुराला, रागावलीय माज्यावर. गोड खाल्लं का बोलेल.” मी ते पुडकं छातीशी धरून घरापर्यंत आले. सोडलं नाही.

शाळेत मात्र सोडवायला कठीण गोष्ट वेगळीच होती. ओवीला सांगायचं कसं? ती रोज सकाळी तुमच्या रिकाम्या स्टुलासमोर उभी राहायची आणि हात पुढं करायची. एक मिनिट, दोन मिनिटं. मग मी तिला आत न्यायची. माझ्याकडं हात करायची नाही ती, आणि मीही मागितला नाही. मला कुठल्या तोंडानं मागता आला असता?

तुम्हाला माहीत आहे, तिचा दिवस भिंतीवरच्या चित्रांच्या पट्टीवर चालतो. झोपाळा, खाऊ, अक्षरं, तुमचा फोटो. जे झालं त्याचं चित्र काढून निळ्या ‘झालं’ पेटीत टाकायचं. परवा मी मनाचा हिय्या केला. तुमचा फोटो तिच्या हातात दिला, म्हटलं, “शालनताई. झालं.” तिनं तो पेटीत टाकला. मला वाटलं, सुटले. बारा वर्षं हेच काम करतेय आणि एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही, की पेटीतलं सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर परत येतं. ओवीच्या जगात ‘झालं’ म्हणजे ‘उद्या पुन्हा’.

काल सकाळी तिनं पट्टी बघितली. तुमची जागा रिकामी होती. तिनं त्या जागेवर बोट ठेवलं, पुन्हा पुन्हा ठेवलं. मग खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर, पाय जमिनीला, नजर समोर. आपली नवी मदतनीस दर्शना मला हळूच म्हणाली, “बरं झालं ना मॅडम, तिला काही कळलंच नाही. एकदम शांत आहे.”

पाच मिनिटं झाली, दहा झाली. इतकं सुंदर ती कधीच बसली नव्हती. कुणी बाहेरचं बघायला आलं असतं तर मी तिलाच दाखवलं असतं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि तिचं मनगट धरलं. तुमचं स्टॉपवॉच माझ्या गळ्यात होतं, मोजलं तर एकशे चाळीस, पण आकड्याची गरजच नव्हती. बोटं टेकताच कळलं. ताई, ती धावत होती. सगळा फुलपाडा, सगळी वसई ती तुम्हाला शोधत धावत होती, आणि बाहेरून एक बोटसुद्धा हलत नव्हतं. ते मी शिकवलं होतं.

“ऊठ ओवी,” मी म्हटलं. उठली नाही. “हात सोड.” सोडले नाहीत. इतकं पक्कं शिकवलं होतं मी. तिचे हात उचलून बघितले, ते पुन्हा मांडीवर जाऊन बसले. काय करावं कळेना. मग मी उभी राहिले आणि सगळ्या वर्गादेखत माझेच दोन्ही हात फडफडवायला लागले. आधी लाजत, मग जोरात. घड्याळाचा पट्टा सुटून पडला. दर्शना तोंडाला हात लावून बघत होती. ओवीनं माझ्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं, पुन्हा हातांकडं. तिची बोटं मांडीवर थरथरली. आणि ती उठली. हात उडाले, मान मागं गेली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकला नव्हता. लांब, घोगरा, एकाच सुराचा. दोन मुलांनी कान झाकले. मी नाही थांबवलं. मीही रडत होते, मोठ्यानं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडायला आलं होतं.

आवाज संपला तेव्हा ती माझ्या अंगावर सगळा भार टाकून बसली. मी शाळेच्या कपाटात आणून ठेवलेलं तुमचं पुडकं काढलं, सोडलं. तुम्हीच सांगायचात ना, चिवट काहीतरी चावायला दिलं का जीव खाली बसतो? एक सुकेळं तिला दिलं, एक मी घेतलं. आम्ही दोघी चावत बसलो. तिनं चावता चावता आपण होऊन हात माझ्यापुढं केला. मी मोजलं. सावकाश उतरत होतं, पाटाचं दार लोटल्यासारखं.

मी फोन केला म्हणून काल तिची आई स्वतः न्यायला आली, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा पडला. “म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून? लग्नकार्याचं काय मग?” मी म्हटलं, बसायला येतंच तिला, ते जाणार नाही. आता मध्येच उठायचं कसं, बाहेर जायचंय हे खुणेनं सांगायचं कसं, ते शिकवू. तुमचं पंगतीतलं जेवण होईपर्यंत कुणीतरी तिच्यासोबत बाहेर उभं राहील. गरज पडली तर मी येईन. ती बराच वेळ ओवीच्या हातांकडं बघत होती. मग म्हणाली, “चालेल. पण याल ना नक्की?” बघा ताई, तुम्ही पूर्ण जिंकला नाहीत हं. आईचा घास मी सोडलेला नाही. फक्त तो कुठून आणायचा, एवढंच बदललं.

आज शाळा सुटून सगळे गेले, पलीकडं गिरणी सुरू झाली. दुपारची झापड आली होती, पण मी गाद्यांना टेकले नाही. तुमच्या स्टुलावर बसले आणि वही काढली. तुमच्या अक्षरातली शेवटची ओळ: ओवी, १३२, आणि पुढं रिकामा चौकोन. त्यात लिहिलं, ‘मी शिकवलेलं शांत बसणं’. त्याच्याखाली कालची ओळ घातली. ओवी, १४०. कारण: ‘शालनताई’.

त्याखाली एकच ओळ उरली होती. मी माझं नाव घातलं, डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटं टेकवली आणि तुमच्यासारखं वर बघत मोजलं. आकडा लिहिला. कारणाच्या रकान्यात, वरच्या ‘शालनताई’खाली, ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन टिंबं दिली.

मग पान उलटलं.